क्वे नदीकाठची स्मृती : कांचनबुरीच्या युद्धस्मारकांचे एक चिकित्सक वाचन

थायलंडच्या पश्चिमेस असलेला कांचनबुरी प्रांत आज मुख्यत्वे दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : दुसऱ्या महायुद्धातील 'मृत्युरेल्वे' आणि जंगलातील धबधबे. पर्यटन कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत सकाळी पूल व दफनभूमी, दुपारी धबधबा अशी या दोहोंची सोयीस्कर वाटणी झालेली असते. स्मारक हीही एक संहिता असते. तिच्यात कोण बोलते, कोणाविषयी बोलले जाते आणि कोण गाळले जाते, हे साहित्यकृतीला विचारायचे प्रश्न स्मारकालाही विचारता येतात. प्रस्तुत लेखात कांचनबुरीतील स्मृतिस्थळांचे या दृष्टीने वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम थोडा तपशील. सयाममधील नोंग प्लादुक ते ब्रह्मदेशातील थनब्यूझायत हा ४१५ किलोमीटरांचा लोहमार्ग जपानी लष्कराने १९४२ च्या मध्यास हाती घेतला आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण केला. समुद्रमार्ग असुरक्षित झाल्यामुळे ब्रह्मदेशातील सैन्याला जमिनीवरून रसद पोहोचविणे हा त्यामागील हेतू होता. या कामावर ६० हजारांहून अधिक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच व अमेरिकन युद्धकैदी होते. त्यांपैकी १२ हजारांहून अधिक दगावले. त्याखेरीज मलाया, ब्रह्मदेश, जावा आदी प्रदेशांतून आणलेले सुमारे दोन लाख आशियाई मजूर होते. त्यांच्या मृत्यूंची निश्चित मोजदाद झालीच नाही. अभ्यासकांचे अंदाज साधारणपणे ९० हजारांच्या आसपास व त्यापुढे जातात. म्हणजे या मार्गावर मेलेल्यांत युद्धकैदी हे अल्पसंख्य होते. कांचनबुरीत फिरणाऱ्या प्रवाशाच्या मनावर मात्र नेमका याच्या उलट ठसा उमटतो. तो कसा उमटतो, हाच येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

याचे पहिले उत्तर एका कादंबरीत व तिच्यावरील चित्रपटात सापडते. पिएर बूल या फ्रेंच लेखकाची क्वाय नदीवरील पुलाविषयीची कादंबरी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि डेव्हिड लीन यांनी १९५७ मध्ये तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला सात ऑस्कर पारितोषिके मिळाली. लोहमार्ग क्वे नोई नदीच्या काठाने जातो, तेव्हा पूलही तिच्यावरच असणार, असा बूल यांचा समज होता. प्रत्यक्षात था मखाम येथील पूल मे क्लोंग नदीवर होता. चित्रपट पाहून पर्यटक येऊ लागले व क्वाय नदी शोधू लागले. अखेर १९६० मध्ये मे क्लोंगच्या त्या वरच्या प्रवाहाचेच नाव बदलून 'क्वे याई' करण्यात आले. कल्पितापुढे भूगोलाने इतकी सपशेल शरणागती पत्करल्याची उदाहरणे विरळाच. ('क्वे' म्हणजे उपनदी. चित्रपटातील 'क्वाय' हा उच्चार थाई कानांना म्हैस या अर्थाच्या शब्दासारखा ऐकू येतो, ही गंमत तेथील वाटाडे आवर्जून सांगतात.)

चित्रपटाचे कलागुण नाकारण्याचे कारण नाही. अ‍ॅलेक गिनेस यांनी उभा केलेला कर्नल निकल्सन हा शिस्तीच्या वेडापायी शत्रूचाच पूल अभिमानाने बांधणारा अधिकारी आहे, आणि व्यक्तिरेखा म्हणून तो निःसंशय प्रभावी आहे. परंतु था मखामच्या छावणीतील वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी फिलिप टूझी यांचे वर्तन याहून अगदी वेगळे होते. लाकडी पुलाला वाळवी लावण्यापर्यंत त्यांच्या माणसांचे प्रयत्न चालले होते. चित्रपटातील पूल शेवटी उडविला जातो, खरा पोलादी पूल १९४४-४५ मधील हवाई हल्ल्यांनंतर दुरुस्त होऊन आजही उभा आहे. त्याच्या मधल्या दोन कोनाकृती कमानी युद्धानंतर जपानकडून आलेल्या आहेत. चित्रीकरण तर श्रीलंकेतील कितुलगल येथे केळणी नदीवर झाले. या विसंगती सर्वज्ञात आहेत आणि त्यांची यादी करण्यात फारसे स्वारस्य नाही. महत्त्वाची बाब निराळी आहे. चित्रपटाचा नैतिक पेच दोन सैनिकी परंपरांमधला आहे. त्यात प्रतिष्ठा, आज्ञापालन व कर्तव्य यांचा संघर्ष आहे. अशा पेचात गणवेश नसलेल्या मजुराला जागाच उरत नाही. ज्याला हुद्दा नाही, ज्याच्या बाजूने जीनिव्हा कराराचा हवाला द्यायला कोणी अधिकारी नाही, त्याच्या मृत्यूचे नाट्य या चौकटीत रचताच येत नाही. मजूर गाळला गेला तो दुष्टाव्याने नव्हे, तर कथेच्या घडणीमुळे.

हीच घडण पुढे संग्रहालयांनीही स्वीकारलेली दिसते. १९७७ मध्ये वाट चायचुम्फोन या मठाच्या आवारात, तेथील प्रमुख भिक्षूंच्या पुढाकाराने, बांबूच्या झोपड्यांत 'जीथ' युद्धसंग्रहालय सुरू झाले. हे नाव जपान, इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया, थायलंड आणि हॉलंड या देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे बनले आहे. संग्रहालयाची मांडणी साधी व हृद्य आहे. पण त्याच्या नावात मलाया नाही, ब्रह्मदेश नाही, जावा नाही आणि भारतही नाही. ज्यांची माणसे सर्वाधिक मेली, त्यांच्यासाठी एक अक्षरही राखलेले नाही! हेलफायर पास येथे ऑस्ट्रेलियन शासनाने १९९८ मध्ये उभारलेले स्मारक-संग्रहालय अभ्यासाच्या दृष्टीने अधिक काटेकोर आहे. तेथे व शहरातील रेल्वे केंद्रात (२००३) आशियाई मजुरांची दखल घेतलेली आढळते. तथापि तीही आकड्यांच्या रूपात. युद्धकैद्यांच्या बाजूला रोनाल्ड सर्ल व जॅक चॉकर यांची चोरून काढलेली रेखाचित्रे आहेत, रोजनिश्या आहेत, डॉक्टरांच्या टिपणवह्या आहेत. मजुरांच्या बाजूला एक अंदाजी संख्या आहे.

दफनभूमीबाबत मात्र न्यायाने बोलले पाहिजे. कांचनबुरीत सुमारे सात हजार, नदीपलीकडे चुंगकाई येथे सुमारे सतराशे आणि थनब्यूझायत येथे सुमारे अडतीसशे सैनिक विसावले आहेत. बहुतेक ज्ञात नावांचे स्वतंत्र शिलालेख आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचे कार्यक्षेत्रच लष्करी सेवेतील मृतांपुरते असल्याने तेथे मजुरांच्या समाध्या नाहीत, हा आयोगाचा दोष ठरत नाही. परंतु मजुरांसाठी असा आयोग कोण नेमणार होते? मलाया पुन्हा ब्रिटिशांकडे गेला. भारत स्वतंत्र झाला व आपल्या अडचणींत गुंतला. कोणत्याच राज्यसंस्थेला हे मृत आपले वाटले नाहीत. १९९० मध्ये कांचनबुरीत एका उसाच्या शेताखाली शेकडो सांगाडे सापडले, तेव्हा ही दुसरी, शिलालेख नसलेली दफनभूमी क्षणभर दिसली. विपर्यास असा, की आशियाई मजुरांना आपल्या स्मरणात सामावून घेणारे एक आरंभीचे स्मारक १९४४ मध्ये पुलाजवळ खुद्द जपानी लष्करानेच उभारले होते.

मलायातून नेलेल्या सुमारे ७५ हजार मजुरांमध्ये रबराच्या मळ्यांवरील तमिळ भाषकांचे प्रमाण फार मोठे होते. जपानी ताब्यानंतर रबराची निर्यात थांबली, मळे ओस पडले. थोड्या महिन्यांचे काम व चांगली मजुरी अशी आमिषे दाखवून भरती झाली. ती अपुरी पडताच सक्ती आली. फुकट चित्रपट दाखवतो म्हणून लोकांना जमवायचे, दारे बंद करायची आणि तेथूनच मालगाडीत चढवायचे, अशा आठवणी वाचलेल्यांनी सांगितल्या आहेत. या रेल्वेची जगभरची ओळख पुढे एका चित्रपटानेच ठरवावी, हा योगायोग अस्वस्थ करणारा आहे. कैद्यांना निदान स्वतःचे डॉक्टर व शिस्त होती. मजुरांच्या छावण्यांत दोन्ही नव्हते. काही ठिकाणी बायकामुलेही होती.

आणि येथेच धबधब्यांचा संबंध येतो. एरावन धबधबा (हे नाव आपल्याच ऐरावताचे) सात टप्प्यांचा असून चुनखडकावरून उतरणाऱ्या त्याच्या निळसर डोहांची कीर्ती सार्थ आहे. तो क्वे याईच्या बाजूला आहे, लोहमार्ग क्वे नोईच्या बाजूने जातो. मार्गाला खरोखर लागून असलेला धबधबा म्हणजे साई योक नोई. आजची रेल्वे त्याच्या अलीकडच्या ज्या स्थानकापर्यंत जाते, त्याचे नावच 'नाम तोक', म्हणजे धबधबा. धबधब्यापाशी एक जुने वाफेचे इंजिन मांडून ठेवले आहे. मुले त्यावर चढून छायाचित्रे काढून घेतात, यात गैर काही नाही. परंतु निसर्ग एका दालनात आणि इतिहास दुसऱ्या दालनात, ही विभागणी खोटी आहे. हे प्रपात ज्यावर पोसले जातात तो नैर्ऋत्य मोसमी पाऊस १९४३ मध्ये मे महिन्यात कोसळू लागला, तेव्हा रस्ते चिखलात बुडाले, वरच्या छावण्यांची रसद तुटली आणि ओढ्यानदीच्या पाण्यातून पटकी पसरली. पाणी उकळून पिण्याचा दंडक कैद्यांच्या डॉक्टरांनी घातला. मजुरांना तो घालून देणारे कोणी नव्हते. दोन्ही गटांच्या मृत्युसंख्येतील तफावतीचा मोठा भाग या पाण्यातच आहे.

भारतीय पर्यटक कांचनबुरीत येतो तो बहुधा पाश्चात्त्य प्रेक्षकाचे डोळे घेऊन. चित्रपटातील शिट्टीची धून गुणगुणत पूल ओलांडतो. मराठी प्रवासलेखनाच्या रूढ रीतीला, म्हणजे स्थळवर्णन, थोडा इतिहास आणि शेवटी हळहळ, हे ठिकाण फार सहज बसते; म्हणूनच तेथे सावध राहावयास हवे. कारण आपल्या बाजूने आणखी एक अवघड वस्तुस्थिती आहे. आझाद हिंद सेनेच्या काही तुकड्या १९४४ मध्ये याच लोहमार्गाने ब्रह्मदेशाकडे गेल्या. त्या सेनेत मलायातील मळ्यांवरचे तरुणही होते. ज्या रुळांखाली त्यांचेच आप्त पुरले गेले, त्यावरून ते स्वातंत्र्याकडे निघाले. आपल्या राष्ट्रीय आख्यानाला ही बाब पचविणे सोपे नाही, आणि बहुधा त्यामुळेच ती क्वचित सांगितली जाते.

मौन सर्वत्र होते असे नाही. मलेशियातील तमिळ लेखक आर. षण्मुगम यांच्या 'सयाम मरण रयिल' या कादंबरीने हा विषय त्या समाजाच्या आतून मांडला. रिचर्ड फ्लॅनगन यांच्या २०१४ च्या बुकर पारितोषिकप्राप्त कादंबरीच्या शेजारी ती ठेवून वाचणे हा तौलनिक साहित्याच्या वर्गासाठी चांगला अभ्यास होईल. २०२३ मध्ये कांचनबुरीतील वाट थावोर्न वराराम या मठात तमिळ समाजाच्या पुढाकाराने एक 'नडुकल' उभारण्यात आला. नडुकल म्हणजे आपल्याकडील वीरगळाचा सगोत्र. गावोगावी वीरगळ पाहिलेल्या मराठी माणसाला तो ओळखण्यासाठी वाटाड्याची गरज पडू नये. कार्यक्रमपत्रिकेत मात्र त्याला अद्याप जागा मिळालेली नाही.