मराठी किशोर साहित्यातील तंत्रकुशल उद्योजक : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

किशोरवय हे आपण पुढे कोण होणार, या प्रश्नाचे वय होय. या वयातील वाचक कथेच्या नायकाकडे भावी आयुष्याचा नमुना म्हणून पाहत असतो. संगणक आणि मोबाइल यांच्या प्रसारानंतर 'शोध लावणारा व त्यातून उद्योग उभा करणारा मुलगा' हा नमुना वृत्तपत्रे, व्याख्याने आणि प्रेरणादायी पुस्तके यांतून सातत्याने मांडला जात आहे. अटल नवोन्मेष अभियानांतर्गत २०१६ पासून देशातील निवडक शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. प्रयोगशाळा शाळेत पोहोचली. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाची कथा मात्र मराठीत अपेक्षेप्रमाणे आलेली नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचे स्वरूप तपासले आहे. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर, हिंगोली-वाशीम मार्गावर वसलेल्या कनेरगाव नाका यासारख्या गावातील किशोर वाचक या विवेचनात गृहीत धरला आहे.

मराठी परंपरेतील नायक :

मराठी किशोर साहित्याच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या प्रवाहात तीन प्रकारचे नायक ठळकपणे दिसून येतात. पहिला संस्कारशील मुलगा. साने गुरुजींच्या 'श्यामची आई' मधील श्याम हा त्याचा आदर्श होय. या पुस्तकात पैसा येतो तो सावकाराचे कर्ज, दवंडी आणि अब्रू यांच्या रूपाने. दुसरा साहसी मुलगा. भा. रा. भागवत यांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, पुण्याच्या शाळेत शिकतो, सायकल दामटतो, गुन्हेगारांचा माग काढतो. त्याच्याकडे चपळाई व हजरजबाबीपणा भरपूर आहे. परंतु पैसा त्याच्या जगात प्रामुख्याने चोराच्या हातातील ऐवज असतो. तिसरा वैज्ञानिक. जयंत नारळीकर यांच्या 'यक्षांची देणगी' (१९७९) आणि 'वामन परत न आला' (१९८६) या पुस्तकांनी किशोर वाचकाला विज्ञानकथेची गोडी लावली. तथापि त्यांतील संशोधक प्रौढ व संस्थेत काम करणारे आहेत. यंत्रमानव घडविण्याचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न तेथे कथेच्या केंद्रस्थानी येत नाही.

या तिघांच्या जोडीला वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' (१९८१) या चरित्राचा उल्लेख करणे क्रमप्राप्त ठरते. गुलामीत जन्मलेला, भुईमुगावर संशोधन करणारा आणि त्यातून संपत्ती मिळविण्याचा हव्यास न धरणारा कार्व्हर मराठी मुलांच्या पिढ्यांना आपला वाटला. हा आदर्श निर्विवाद थोर आहे. मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा की, ज्ञान वाटावे, विकू नये, ही धारणा दृढ झाली. परिणामी किंमत, नफा, मजुरी आणि कर्ज हे शब्द किशोरकथेत एक तर दुःखाचे राहिले किंवा लबाडीचे. वास्तविक कार्व्हरची सारी धडपड शेतकऱ्याच्या हाती चार पैसे राहावेत यासाठी होती. मराठी वाचनाने त्यातील त्याग उचलला, हिशेब मागे ठेवला.

इंग्रजीतील दोन कादंबऱ्या :

जीन मेरिल यांच्या 'द टूथपेस्ट मिलियनेअर' (१९७२) या कादंबरीचा नायक रूफस हा अमेरिकेतील क्लीव्हलँडचा कृष्णवर्णीय शाळकरी मुलगा. दुकानातील टूथपेस्ट महाग वाटल्याने तो खाण्याच्या सोड्यापासून ती घरी बनवितो. दोन सेंट खर्चून तयार झालेली टूथपेस्ट तीन सेंटला विकतो. मदतीला येणाऱ्या मुलांना श्रमाच्या मोबदल्यात कंपनीचे भाग देतो. यंत्र येथे दुय्यम असून हिशेब हेच कथेचे चालकतत्त्व आहे. वर्गातील गणित कारखान्यात उपयोगी पडते आणि वाचक नफ्याकडे पाप म्हणून नव्हे, तर विचार करण्याजोगी गोष्ट म्हणून पाहू लागतो.

कोरी डॉक्टरो यांची 'फॉर द विन' (२०१०) ही कादंबरी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते. तीत मुंबईच्या धारावीत राहणारी माला ही किशोरवयीन मुलगी संगणकीय खेळात निष्णात आहे. तिच्या कौशल्यावर कमाई मात्र दुसऱ्याची होते, आणि अखेरीस ती खेळातील श्रमिकांच्या संघटनेकडे वळते. तंत्रज्ञानाच्या उद्योगात मालक असतो तसा मजूरही असतो, ही जाणीव येथे केंद्रस्थानी आहे. धारावीची ही मुलगी मूळच्या कॅनडातील लेखकाच्या इंग्रजी कादंबरीत यावी आणि मराठी किशोर कादंबरीच्या मुख्य प्रवाहात तिची बहीण शोधूनही सापडू नये, ही बाब समीक्षकांना विचार करावयास लावणारी आहे.

वास्तव आणि कथेची शक्यता :

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते. म्हणजेच किशोर उद्योजकाच्या प्रत्येक यशामागे एका प्रौढाची सही असते. प्रेरणादायी लेखनात ही सही आणि तिच्यामागील भांडवल बहुधा झाकले जाते. मुलाची बुद्धी तेवढी उजेडात राहते. महानगरातील सुस्थित पालकाची सही आणि कनेरगाव नाका येथील सोयाबीन-तुरीच्या शेतकऱ्याची सही यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या सहीमागे सातबारा, पीककर्जाची थकबाकी आणि बहिणीच्या लग्नाची चिंता उभी असते. हळद वाळविण्याचे स्वस्त यंत्र सुचलेल्या दहावीतील मुलीने वडिलांकडे सही मागितली, तर त्या एका प्रसंगात कायदा, जमीन, लिंगभेद आणि वात्सल्य एकत्र येतात. ग्रामीण कथेची समृद्ध परंपरा लाभलेल्या मराठीला हा प्रसंग परका नाही. तो किशोर वाचकाच्या वयातून पाहणे तेवढे बाकी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. बाजाराचे मूल्य बालमनावर लादणे योग्य आहे काय? हा आक्षेप रास्त आहे. परंतु बाजार मुलाच्या हातातील मोबाइलमधून आधीच घरात आलेला आहे. त्याविषयी साहित्याने मौन बाळगल्यास ती जागा जाहिरात आणि यशाची व्याख्याने घेतात. साहित्याचे काम बाजाराची भलामण करण्याचे नाही. त्याचा हिशेब वाचकाच्या हाती देण्याचे आहे.

निष्कर्ष :

१. मराठी किशोर साहित्याने संस्कारशील, साहसी व वैज्ञानिक नायक समर्थपणे उभे केले. वस्तू घडवून तिची किंमत ठरविणारा नायक मात्र उपेक्षित राहिला.

२. या उपेक्षेचे कारण तंत्रज्ञानाचे अज्ञान हे नसून व्यवहाराविषयीचा संकोच हे आहे.

३. अशा कथेत यशाइतकेच कर्ज, श्रम, अपयश आणि पालकाची सही यांना स्थान मिळणे आवश्यक आहे; अन्यथा ती प्रेरणादायी व्याख्यानाची नक्कल ठरेल.

४. ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी विभागांनी किशोर साहित्याच्या अध्यापनात हा प्रश्न घ्यावा. कनेरगाव नाक्याच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या घरातील हिशेब कथेत वाचावयास मिळणे, ही त्याची न्याय्य अपेक्षा आहे.