'टाकाऊ' कोणासाठी?

शालेय विज्ञान प्रदर्शनांतले 'टाकाऊपासून टिकाऊ' हे शीर्षक मला खटकते. पिकांच्या धाटांतील बहुशर्करा वापरून कागद बळकट करण्याचा प्रयोगच पाहा. त्यामागचे विज्ञान पक्के आहे. धाटांतील झायलान कॉस्टिक सोड्यात विरघळते. ते वेगळे करून लगद्यात मिसळले, की तंतूंवर बसते. कागद सुकताना तंतूंमधले हायड्रोजन बंध वाढतात आणि तो अधिक ताण सोसतो. कपड्यांच्या खळीतला स्टार्चही असेच काम करतो.

पण बीड जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या दुष्काळी तालुक्यात टाकाऊ कशाला म्हणायचे? ज्वारीचा कडबा हा जनावरांचा चारा. 2019 साली इथे चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीत जातात.

शिक्षकमित्रांनो, प्रयोग जरूर करा. कॉस्टिक सोडा मुलांच्या हाती न देता खळीवर भागवा. तुलनेसाठी तितक्याच वजनाचा, खळ न घातलेला कागदही बनवा. आणि नोंदवहीत दोन प्रश्न लिहायला सांगा : हे धाट आज कोण वापरते? कारखान्यात सोड्याचे उरलेले पाणी कुठे जाईल? त्यांची उत्तरे मिळाल्यावरच 'टाकाऊ' हा शब्द फलकावर लिहावा.