उनाड मूल आणि आपली नजर: तीन चित्रपटांच्या निमित्ताने

मूल ऐकेनासे झाले की त्याला नावे ठेवण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण पडत नाही. हट्टी, द्वाड, उनाड, वाह्यात, हाताबाहेर गेलेले! या शब्दांनी मुलाचे वर्णन होते असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांनी त्याचा निकाल लागतो. आणि एकदा निकाल लागला, की चौकशीची गरज कोणास भासावी? म्हणूनच अशा मुलांविषयीची कलाकृती पाहताना आम्ही एक साधी कसोटी लावतो. मुलाच्या वागण्याची तीत चौकशी आहे काय? असल्यास ती कोठवर जाते? या कसोटीवर तीन चित्रपट घासून पाहण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

पहिला चित्रपट बहुतेक कुटुंबांनी पाहिलेला आहे. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या व आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तारे जमीन पर’ (२००७) या हिंदी चित्रपटातील ईशान शाळा चुकवतो, मारामारी करतो, उलट उत्तरे देतो. वडिलांच्या लेखी हा सारा आळस आणि उद्धटपणा. प्रत्यक्षात त्याला डिस्लेक्सिया आहे. अक्षरे त्याला ओळख देत नाहीत. ‘मला जमत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘मी करणार नाही’ असे म्हणणे त्याला कमी लाजिरवाणे वाटते. मुलाची बंडखोरी हा पुष्कळदा लाज झाकण्याचा पदर असतो, हे या चित्रपटाने नेमके टिपले आहे. कलाशिक्षक निकुंभ ईशानच्या वडिलांपुढे परकीय लिपीतला मजकूर ठेवतात, वाचण्याचा आग्रह धरतात आणि त्यांना तो वाचता येईना तेव्हा तोच उद्धटपणाचा आरोप त्यांच्यावर करतात. हा प्रसंग आम्हांस सबंध चित्रपटाचा कणा वाटतो. दहा व्याख्यानांनी जे साधणार नाही ते येथे दोन मिनिटांत साधले आहे.

परंतु शेवटाविषयी आमची तक्रार आहे. ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो, टाळ्या वाजतात, आईवडिलांचे डोळे भरून येतात. प्रेक्षक सुखावतो खरा, पण मग प्रश्न उरतो: ईशानला चित्रे काढता आली नसती तर? प्रगतिपुस्तकाच्या जाचातून सोडवलेल्या मुलाला चित्रपट पुन्हा बक्षिसाच्याच दारी नेऊन उभे करतो. ज्या मुलापाशी असा कोणताही दडलेला गुण नाही, त्याने समजून घेतले जाण्याचा हक्क कशाच्या बळावर मागावा?

या प्रश्नाचे उत्तर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) या मराठी चित्रपटात काही अंशी सापडते. गुणांच्या उतरंडीने पाडलेल्या तुकड्यांतील ही शेवटची तुकडी. अपमान साचत जातो आणि एके दिवशी ही मुले शाळेची प्रयोगशाळा फोडतात. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शिक्षक त्यांच्या रागाचे मूळ ओळखतो. परंतु राग समजला म्हणून तोडफोड माफ झाली, असे तो मानीत नाही. मुलांनी कष्ट करून पैसा उभा करावा आणि प्रयोगशाळा पुन्हा उभारावी, हा मार्ग तो त्यांच्यापुढे ठेवतो. समजून घेणे आणि सोडून देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इतक्या स्पष्टपणे मांडणारी मराठी कलाकृती आम्हांस दुसरी चटकन आठवत नाही. येथे कोणी अलौकिक गुणवान निघत नाही. मुले आपण मोडलेले आपल्या हाताने जोडतात, एवढेच. उणीव एकच: येथेही सारा भार एका असामान्य शिक्षकाच्या खांद्यावर आहे. असा शिक्षक न भेटलेल्या मुलांचे काय होते?

ते पाहण्यासाठी फ्रान्सकडे वळावे लागते. फ्रान्स्वा त्रुफो यांच्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’ (१९५९) मधील आंत्वान दोइनेल हा पॅरिसचा शाळकरी मुलगा. शाळा चुकवल्याचे कारण विचारताच तो ‘आई वारली’ असे सांगून मोकळा होतो. खोटे निर्लज्ज आहे. पण त्याला नकोशी मानणाऱ्या आईविषयीचे एक भीषण सत्य त्यात दडलेले आहे. शिक्षक थोबाडीत बसल्याचे पाहतात, सत्य कोणी ऐकत नाही. पुढे तो टंकलेखन यंत्र चोरतो. विकले जात नाही, म्हणून परत ठेवायला जातो आणि नेमका तेव्हाच पकडला जातो. वडील त्याला पोलिसांच्या हवाली करतात. आंत्वानच्या भोवतालची माणसे राक्षस नाहीत. ती कामात गुंतलेली, थकलेली, आपापल्या दुःखात बुडालेली आहेत. म्हणूनच हा चित्रपट अधिक बोचतो. सुधारगृहातून पळून आंत्वान समुद्रापर्यंत पोहोचतो, वळून आपल्याकडे पाहतो आणि चित्र तेथेच थिजते. बक्षीस नाही, उद्धारकर्ता नाही. चौकशी मुलापाशी न थांबता थेट प्रेक्षकापर्यंत येते. तिघांत हीच कलाकृती आम्ही श्रेष्ठ मानतो.

या चित्रपटांच्या आगेमागे आपल्याकडे बरेच बदलले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मारण्यास व मानसिक छळास मनाई केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन-अक्षमतेस मान्यता दिली. मुंबईत शीवच्या पालिका रुग्णालयात तिची तपासणी होते. पण तपासणीपर्यंत मुलाला नेणारे पाऊल घरातूनच उचलावे लागते, आणि ‘द्वाड’ या शब्दावर समाधान मानणारे घर ते उचलीत नाही. सर्वच वर्तनामागे आजार असतो असेही नव्हे. कधी घरातले भांडण, कधी शाळेतला अपमान, कधी केवळ वाढते वय. कारण कोणते हे ठरवण्याआधी विचारावे मात्र लागते.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की हे चित्रपट घरातल्या कुमारवयीन मुलांबरोबर बसून पाहावेत आणि संपल्यावर उपदेश करू नये. ‘तुला कोणाचे पटले?’ एवढे विचारावे आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. आंत्वानच्या घरी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.