दोष कोणाच्या रकान्यात?

मूल पोळले, पडले किंवा पाण्यात बुडाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तेव्हा आई कुठे होती?’ शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, आपण शिक्षकही मनातल्या मनात विचारतो. हाच प्रश्न शास्त्रीय पेहराव करून आला की त्याला ‘कौटुंबिक जोखीम-घटक’ असे नाव मिळते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी डिसेंबर २००८ मध्ये मुलांच्या दुखापतींवर एक जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. या विषयावर लिहिणारे आजही त्याचा आधार घेतात. म्हणूनच तो नीट तपासून पाहिला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

आधी त्याचे श्रेय. मुलांच्या दुखापती म्हणजे नशिबाचा भाग नव्हे, त्यांना कारणे असतात आणि ती दूर करता येतात, हे या अहवालाने ठामपणे मांडले. २००४ सालच्या अंदाजानुसार जगात १८ वर्षांखालील सुमारे ८ लाख ३० हजार मुले कोणाचाही हेतू नसताना झालेल्या दुखापतींनी दगावली. त्यांतली २ लाख ६० हजार रस्त्यांवर, १ लाख ७५ हजार पाण्यात बुडून, ९६ हजार भाजून, ४७ हजार पडून आणि ४५ हजार विषबाधेने. दुखापतींनी होणाऱ्या बालमृत्यूंपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. एवढी एकच गोष्ट सांगते की प्रश्न एखाद्या आईच्या नजरेचा नाही. गरीब देशांतल्या आया श्रीमंत देशांतल्या आयांपेक्षा इतक्या बेफिकीर असतील, असे कोण म्हणेल?

अहवालाने विवेचनासाठी वापरलेला तक्ता विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरांचा आहे. दुखापत म्हणजे शरीराला सोसवणार नाही इतकी ऊर्जा शरीरात शिरणे, ही त्यांची मांडणी. घटनेच्या आधी, घटनेच्या वेळी आणि घटनेनंतर अशा तीन ओळी. व्यक्ती, वस्तू किंवा वाहन, भौतिक परिसर आणि सामाजिक परिसर असे चार रकाने. हॅडन यांचा हेतू हाच होता, की एका माणसावर ठपका ठेवून न थांबता बाराही चौकटींत उपाय शोधावेत.

आमची तक्रार आहे ती या चौकटी भरण्याच्या पद्धतीबद्दल. रस्ते-दुखापतींच्या तक्त्यात ‘देखरेखीचा अभाव’ हा घटक मुलाच्या रकान्यात, वय आणि लिंग यांच्या शेजारी बसवला आहे. देखरेख काही मुलाच्या अंगचा गुण नव्हे. ती कोणीतरी पुरवायची असते. सामाजिक रकान्यात गरिबी, एकल पालक, कुटुंबाचा आकार आणि आईचे शिक्षण हे सारे एका दमात येते. या घटकांचा दुखापतींशी संबंध आढळला असेल. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. गरिबी मुलाला भाजत नाही. एका खोलीच्या घरात चूल किंवा शेगडी जमिनीवर असते, रांगणारे मूल त्याच जमिनीवर असते आणि मधे आडोसा नसतो, म्हणून ते भाजते. ही साखळी लिहिली तर उपाय सुचतो. नुसते ‘गरिबी, आईचे शिक्षण’ एवढेच लिहिले तर फक्त दोषी सापडतो.

लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या कुटुंबांवर ब्राउन आणि डेव्हिडसन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच संदर्भात आठवतो. नैराश्यासारखा मानसिक आजार असलेल्या कामगार-वर्गीय आयांच्या मुलांना अधिक अपघात होतात, असे त्यांना दिसले. याचा अर्थ ‘आई कमी पडली’ असाही लावता येतो आणि ‘आईला मदत कमी पडली’ असाही. पहिल्या अर्थातून उपदेश निघतो, दुसऱ्यातून पाळणाघर.

‘लक्ष ठेवा’ या उपदेशाची मर्यादा तर नववी-दहावीच्या गणितानेही कळते. ८० सेंटिमीटर उंचीच्या कट्ट्यावरून मूल पडले तर जमिनीवर पोहोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. साधा इशारा पाहून हात हलवायलाच आपल्याला ०.२ सेकंद लागतात. उरलेल्या वेळात हाताच्या अंतरावर असलेलाच माणूस काही करू शकेल. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत खोलवर भाजते. मुलाची कातडी पातळ असल्याने तिला त्याहून कमी वेळ पुरतो.

आता जिथे यश आले ती उदाहरणे पाहू. न्यूयॉर्क शहरात उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडत. १९७२ पासून तिथे प्रचार आणि मोफत जाळ्या असा कार्यक्रम झाला. ब्राँक्स भागात असे पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. १९७६ मध्ये दहा वर्षे वा त्याखालील मुले राहतात त्या घरांना खिडकीच्या जाळ्या बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. जाळी आईचे शिक्षण विचारत नाही. बांगलादेशात लहान मुले घराजवळच्या डबक्यांत, तळ्यांत बुडतात, तीही बरीचशी सकाळी आया कामात गुंतलेल्या असताना. तिथे गावातच ‘आँचल’ नावाची बालकेंद्रे काढून सकाळचे काही तास मुले सांभाळली गेली आणि तिथे येणाऱ्या मुलांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात घटले. म्हणजे देखरेखीला महत्त्व आहेच. मात्र ती पाणी-विजेसारखी पुरवठ्याची बाब आहे. ज्या घरी ती पोहोचत नाही त्या घराला दोष देऊन ती पोहोचत नाही.

अहवालाच्या शिफारशी कायदे, परिसरातील बदल आणि सुरक्षित वस्तू यांवरही भर देतात, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. अडचण अशी, की शिफारशी वाचणारे थोडे आणि तक्ता फळ्यावर उतरवून घेणारे पुष्कळ. तक्त्यातून पुढे सरकते ती ‘आईचे शिक्षण’ ही ओळ.

शाळेत आपल्याला करता येण्याजोगे एक काम आहे. दुखापतींच्या नोंदवहीत ‘मस्ती करताना पडला’ असे लिहून आपणही ठपकाच लिहीत असतो. त्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात : कशामुळे लागले, जागा कशी होती (उंची, उतार, ओल, कडा), वेळ कोणती होती, आणि जवळचे मोठे माणूस त्या वेळी कोणत्या कामात होते. सहा महिन्यांनी वही उघडली तर तीच ती पायरी, तोच तो नळाजवळचा शेवाळलेला ओटा पुन्हा पुन्हा दिसेल. मुलांनी घरच्या दुखापती सांगितल्या तर त्याही याच पद्धतीने, नावे न लिहिता, नोंदवाव्यात. शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले रॉकेल किंवा फिनेल, उघडे पिंप, कठडा नसलेली विहीर अशा गोष्टी मग आपोआप पुढे येतील. त्या बदलता येतात.

आणि पालकसभेत एखादी आई हाताला पट्टी बांधलेले मूल घेऊन आली, तर ‘तुम्ही कुठे होता?’ असे विचारण्याआधी ‘शेगडी कुठे होती?’ असे विचारावे. उत्तरही अधिक खरे मिळेल, आणि ती आई पुढच्या सभेलाही येईल.