परीक्षेपुरते वाङ्मय

गेल्या गणेशोत्सवात मंडळातील एका स्नेह्यांच्या कन्येची गाठ पडली. वडिलांच्या बदल्यांमुळे तीन प्रांतांतील शाळा पाहिलेली ही मुलगी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झाली असून सध्या ‘नेट’ परीक्षेची तयारी करीत आहे. मिल्टनचा विषय निघताच ती म्हणाली, “पॅरडाइज लॉस्ट. पहिली आवृत्ती १६६७, दहा सर्ग. दुसरी १६७४, बारा सर्ग.” त्यातील कोणता भाग तुला विशेष आवडला, असे आम्ही विचारले. तिने सरळ उत्तर दिले, “काका, मूळ काव्य वाचायला सवड कुठली? आणि आवड काही परीक्षेत विचारत नाहीत.”

या उत्तरात उर्मटपणा नव्हता. होता तो व्यवहार. म्हणूनच ते आमच्या मनातून जाईना. प्रस्तुत लेखास तेच उत्तर निमित्त झाले आहे.

महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक होण्याची पात्रता ठरविणारी ही परीक्षा १९८९ पासून घेतली जात आहे. महाराष्ट्र व गोवा यांच्यापुरती पुणे विद्यापीठाची ‘सेट’ परीक्षा आहे खरी; परंतु आपल्यासारख्या परप्रांतस्थांच्या मुलांना साऱ्या देशात चालणारी ‘नेट’च जवळची. दोन प्रश्नपत्रिका, १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास, असे तिचे आजचे स्वरूप आहे. त्यांपैकी १०० प्रश्न विषयाचे. चार पर्यायांतून एक निवडावयाचा. उत्तर चुकल्यास गुण कापले जात नाहीत. एके काळी तिसऱ्या पत्रिकेत विस्ताराने उत्तरे लिहावी लागत. २०१२ मध्ये तीही पर्यायी प्रश्नांची झाली, आणि २०१८ मध्ये ती पत्रिकाच काढून टाकण्यात आली. आज इंग्रजी वाङ्मयाचा भावी अध्यापक या परीक्षेत इंग्रजीचे एकही वाक्य न लिहिता उत्तीर्ण होऊ शकतो.

अभ्यासक्रम मात्र लहान नाही. त्याचे दहा विभाग आहेत. नाटक, काव्य, कथा-कादंबरी व ललितेतर गद्य हे पहिले चार; त्यानंतर भाषाविचार व अध्यापन, भारतातील इंग्रजीचा इतिहास, संस्कृतिविचार, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे वाङ्मयीन सिद्धान्त आणि संशोधनपद्धती. चॉसरपासून आजच्या आफ्रिकी कादंबरीकारापर्यंत सर्व काही यात येते. एवढा पसारा कोणाच्याही एका आयुष्यात वाचून होणारा नाही. मग तो पाठ केला जातो. बाजारातील मार्गदर्शिका याच गरजेतून निर्माण झाल्या आहेत. त्यांत ‘किंग लिअर’ चार ओळींत संपते, आणि त्यातील एक ओळ लिअरच्या मुलींच्या नावांत जाते.

तथापि या परीक्षेला नुसती नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. निबंधाचे गुण परीक्षकागणिक बदलतात. पर्यायी प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्याची जात, त्याचे गाव, त्याचा उच्चार किंवा त्याच्या गुरूचे वजन पाहून तपासले जात नाही. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक कधी शिरले नाही, अशा मुलालाही हे दार खुले आहे. आमच्या वाचकांपैकी अनेक जण स्वतः स्पर्धापरीक्षेच्याच दाराने सेवेत आले आहेत. त्या दाराची किंमत त्यांना सांगावयास नको. तेव्हा परीक्षा असावी की नसावी, हा आमचा प्रश्न नाही. तिच्यासाठी केलेल्या श्रमांतून विद्यार्थ्याच्या हाती काय उरते, हा आहे.

हा प्रश्न आमचा नव्हे. तो मेकॉलेचा आहे. १८३५ चे त्याचे शिक्षणविषयक टिपण या परीक्षेचे उमेदवार तारखेसह तोंडपाठ म्हणतात, कारण ‘भारतातील इंग्रजी’ या विभागात ते येते. परंतु त्याच मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने १८५४ मध्ये हिंदुस्थानच्या मुलकी सेवेसाठी खुल्या स्पर्धापरीक्षेची योजना आखली, आणि दुसऱ्याच वर्षी ती अमलात आली, हे त्यांच्यापैकी थोड्यांच्या ध्यानात असते. ज्या गृहस्थाने आपल्याकडे इंग्रजी विद्या आणली, त्यानेच स्पर्धापरीक्षाही घडविली; आजची ‘नेट’ ही या दोन्ही घराण्यांची लेक होय. त्या अहवालातील एक विचार मोलाचा आहे. परीक्षा अशी असावी की, जो उमेदवार तीत अपयशी ठरेल त्यालाही, पुढे तो कोणताही व्यवसाय करो, तयारीत घालविलेल्या वेळेचा पश्चात्ताप होऊ नये. मेकॉलेची अनेक मते आम्हांस मान्य नाहीत, पण ही कसोटी मान्य आहे. परीक्षा उत्तीर्णांवरून नव्हे, अनुत्तीर्णांवरून पारखावी.

या कसोटीला मिल्टनचे ते दोन सन लावून पाहू. १६६७ आणि १६७४ हे आकडे परीक्षा संपताच निरुपयोगी होतात. परंतु १६६० मध्ये राजा परत आला, ज्या लोकसत्ताक पक्षासाठी मिल्टनने आपली लेखणी आणि दृष्टीही झिजविली तो पक्ष धुळीस मिळाला, आणि अशा पराभवानंतर सात वर्षांनी एका अंध माणसाचे पतनाविषयीचे महाकाव्य प्रसिद्ध झाले, हे ज्याला उमगले त्याला १६६७ हा सन पाठ करावा लागत नाही. तो विसरताच येत नाही. नाट्यगृहे १६४२ मध्ये का बंद झाली आणि १६६० मध्ये का उघडली, हेही त्याच सूत्रात ओवले जाते. सनावळी हा वाङ्मयाच्या अभ्यासाचा शत्रू नव्हे. कारणापासून तोडलेली सनावळी हा शत्रू आहे. ‘द वेस्ट लँड’ आणि ‘युलिसिस’ ही दोन्ही १९२२ मध्येच ग्रंथरूपाने का आली, असा प्रश्न जो स्वतःला विचारतो, त्याला कालानुक्रम लावण्याच्या प्रश्नाचे भय उरत नाही.

येथे आय. ए. रिचर्ड्सची आठवण होते. केंब्रिजमध्ये त्याने विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून टाकलेल्या कविता ठेवल्या आणि त्यांचे अभिप्राय मागविले. सुशिक्षित वाचकही नावाचा आधार सुटताच किती चाचपडतात, हे १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्याने दाखवून दिले. आपली परीक्षा बव्हंशी याच्या उलट वागते: कविता काढून टाकते आणि नाव विचारते. त्यातही रिचर्ड्स व त्याच्या ग्रंथाची जोडी जुळविण्याचा प्रश्न येतो, तेव्हा त्यातील विनोद प्रश्नकर्त्यास कळला असेल काय, असे मनात येते. न्यायासाठी एवढे सांगितले पाहिजे की, या पत्रिकेत एखादा गद्य उतारा व एखादी कविता देऊन त्यांवरही काही प्रश्न घातले जातात. आमच्या मते पत्रिकेचा तोच भाग तिच्या नावाला शोभतो. तो वाढला तर मार्गदर्शिकांचे तेज आपोआप उतरेल.

अपयशी उमेदवाराचे एक उदाहरण आपल्याच भाषेत आहे. बा. सी. मर्ढेकर १९२९ मध्ये आय. सी. एस. परीक्षेसाठी इंग्लंडला गेले. त्या परीक्षेत त्यांना यश आले नाही. परंतु १९३७ मध्ये त्यांचे ‘आर्ट्स अँड मॅन’ हे पुस्तक निघाले, आणि त्यातून पुढे चाललेल्या चिंतनाची परिणती ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात झाली. त्यास १९५६ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इंग्रजी शिकविण्याचे आणि आकाशवाणीच्या नोकरीचे आयुष्य त्यांनी काढले. सनदी अधिकारी मर्ढेकर आज कोणाच्या स्मरणात राहिले असते, हे सांगता येत नाही. अनुत्तीर्ण मर्ढेकरांवाचून मराठी कविता आणि मराठी सौंदर्यविचार मात्र निश्चितच दरिद्री राहिले असते. त्यांनी त्या वर्षांत जे वाचले ते परीक्षेबरोबर संपले नाही, एवढाच याचा अर्थ.

मार्गदर्शिका फेकून द्या, असे आम्ही म्हणणार नाही. पोटाचा प्रश्न असलेल्याला असा उपदेश करणे हा बसून खाणाऱ्यांचा विलास आहे. एब्रॅम्सच्या परिभाषाकोशासारखे ग्रंथ हाताशी असावेत, सनांची टाचणेही असावीत. परंतु प्रत्येक शतकातील निदान एक कृती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, आणि टाचणे त्या कृतीभोवती लावावीत. सहा-सात ग्रंथांचेच हे काम आहे. वर्षभराच्या तयारीत ते बसते. ज्याने एक शोकान्तिका खरोखर वाचली आहे, त्याला तिच्याविषयीच्या चार पर्यायांतील तीन आपोआप खोटे वाटू लागतात.

आणि उद्या ही मुलगी उत्तीर्ण होऊन वर्गात उभी राहील तेव्हा समोरच्या बाकावरील एखादी विद्यार्थिनी तिला विचारीलच, “मॅडम, यातला कोणता भाग तुम्हांला आवडतो?” त्या प्रश्नाला चार पर्याय नसतात. आमच्याजवळची ‘पॅरडाइज लॉस्ट’ची जुनी प्रत आम्ही तिला गेल्या महिन्यात नेऊन दिली. पहिला सर्ग झाला, असे परवा तिच्या वडिलांकडून कळले. परीक्षा अजून व्हावयाची आहे.