तज्ज्ञ परिचारिका, नवखी शिक्षिका

परिचारिका एकदम तयार होत नाही. नवखेपणापासून तज्ज्ञतेपर्यंत ती पाच पायऱ्या अनुभवाने चढते, असे पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली 'फ्रॉम नोव्हिस टू एक्स्पर्ट' या पुस्तकात मांडले. त्यांनी मॉली सटफन, व्हिक्टोरिया लेनर्ड आणि लिसा डे यांच्यासह लिहिलेले 'एज्युकेटिंग नर्सेस' (२०१०) वाचताना तोच निकष शिक्षकांना लावून पाहावासा वाटतो.

कार्नेगी फाउंडेशनसाठी अमेरिकेतील नर्सिंग विद्यालयांत केलेल्या अभ्यासावर हे पुस्तक उभे आहे. रुग्णाच्या खाटेपाशी चालणारे शिक्षण लेखिकांना सकस वाटले; वर्गात मात्र त्यांना स्लाइडमागून स्लाइड आणि लक्षणांच्या याद्या दिसल्या. म्हणून पदव्युत्तर आणि डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमांत अध्यापनाचे शिक्षण व अनुभव असावा, अशी शिफारस त्या करतात.

ही शिफारस नवी वाटली, तरी तिची वाट जुनी आहे. १९०७ मध्ये अ‍ॅडलेड नटिंग जगातील पहिल्या नर्सिंग-प्राध्यापक झाल्या, त्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात. परिचारिकांसाठी डॉक्टरेटची सोयही १९२०च्या दशकात शिक्षक घडवणाऱ्या याच संस्थेत झाली. पुढे इतर विद्याशाखांच्या पंक्तीत बसण्यासाठी पीएच.डी.चे महत्त्व वाढले. संशोधनाला बळ आले, हे चांगलेच झाले. पण शिकवणे ही वेगळी विद्या आहे, याचा विसर पडत गेला.

पुस्तकाची बाजू लंगडी पडते ती पुराव्यात. ते तीन आदर्श शिक्षिकांची चित्रे रेखाटते; त्यांपैकी लिसा डे स्वतः सहलेखिका आहेत. चित्रे जिवंत आहेत, परंतु उत्तम शिक्षिका दाखवणे वेगळे आणि ती कशी घडते हे सिद्ध करणे वेगळे. अध्यापनाचे दोन-चार अभ्यासक्रम जोडले की काम भागेल, असे बेनर यांचाच जुना सिद्धान्त म्हणू देत नाही. त्यांच्या हिशेबाने वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेली, प्रबंध पुरा केलेली परिचारिकाही वर्गात पहिल्याच पायरीवर उभी असते. तिच्या शेजारी बसून तिचे शिकवणे पाहणारे, चुका दाखवणारे जाणते कोणी हवे.

ही उणीव परीक्षेच्या निकालात दिसेलच असे नाही. रात्रपाळीला रुग्णाचा श्वास बदलतो, लक्षणांची सगळी यादी पाठ असते, पण त्यातले आत्ता महत्त्वाचे कोणते हे नव्या परिचारिकेला उमगत नाही, तेव्हा ती दिसते. आणि तिची किंमत रुग्ण मोजतो.