पिपला स्वतःचे हात दिसले तेव्हा

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' म्हटलं की एवढं आठवतं: गरीब अनाथ पोरगा, श्रीमंत घरातली मुलगी, गुप्त दाता, लंडन. चार्ल्स डिकन्सने ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात स्वतःच्याच साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने छापली. त्यामुळे प्रत्येक हप्त्याच्या टोकाला ती वेबसीरिजसारखी लटकवून ठेवते. (पुढे सगळी रहस्यं फोडली आहेत. दीडशे वर्षं उलटून गेलीत, चालतंय.)

पिप बहिणीच्या घरी मार खात वाढतो. तिचा नवरा ज्यो लोहार आहे. आपल्याकडे पिपने त्याला दाजी म्हटलं असतं. ज्योच्या हाताखाली लोहारकाम शिकायचं, एवढंच पिपचं स्वप्न असतं. मग त्याला मिस हॅविशॅमच्या वाड्यावर खेळायला बोलावतात आणि एस्टेला त्याच्याशी पत्ते खेळते. डाव आपल्या भिकार-सावकारच्या जातकुळीतला. पिप गुलामाला 'जॅक' म्हणतो. तिच्या वर्गातले लोक त्याला 'नेव्ह' म्हणतात. ती हसते, त्याच्या खरबरीत हातांना आणि जाड बुटांना नावं ठेवते. मराठीत हा प्रसंग नेता येणं अवघड आहे, कारण आपल्याकडे गरीब-श्रीमंत दोघांचाही गुलाम गुलामच असतो. पण एका शब्दावरून समोरचा आपली पायरी ओळखतो म्हणजे काय, हे 'आनी-पानी' म्हटल्यावर वर्गात हशा ऐकलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

त्या दिवशी पिप घरी येतो तेव्हा त्याच्याकडे पूर्वी होतं तेवढंच सगळं आहे. फक्त त्याला आता स्वतःचे हात दिसतात. पैसा येतो तो बऱ्याच वर्षांनी. लाज आधीच आलेली असते, आणि पैसा आल्यावर ती जात नाही, उलट तिला चांगले कपडे मिळतात.

हे सिनेमावाल्यांना पचत नाही असं माझं मत आहे. १९९८च्या हॉलिवूडपटात नायक चित्रकार आहे. २०१६च्या 'फितूर'मध्ये गोष्ट काश्मीरमध्ये आली, तरी नायक कलाकारच. प्रतिभा दिली की त्याचं वर चढणं न्याय्य वाटतं. डिकन्सचा पिप मात्र कशातच विशेष नाही. त्याला काही करून दाखवायचं नाहीये, त्याला फक्त 'जंटलमन' असायचंय. म्हणूनच तो आपल्याला इतका जवळचा आणि थोडा किळसवाणा वाटतो.

सगळ्यात क्रूर प्रसंग ज्यो लंडनला भेटायला येतो तो. पैसे देऊन टाळता आलं असतं तर आपण ते दिले असते, असं पिपच कबूल करतो. ज्यो पिपला मधूनच 'सर' म्हणतो, मधूनच चुकून 'पिप'. टोपी कुठे ठेवावी त्याला कळत नाही. तो ती शेकोटीवरच्या फळीच्या टोकाला ठेवतो, ती पडते, तो झेलतो, पुन्हा पडते. डिकन्स आपल्याला हसवतो, आणि हसताना आपण पिपच्या बाजूला बसलेले असतो. निघताना ज्यो शांतपणे म्हणतो की भट्टीबाहेर, या कपड्यांत मी चुकीचा माणूस आहे. मला तिथे येऊन बघ. पिपला रडू येतं. आणि पुढच्याच प्रकरणात गावी गेल्यावर तो ज्योकडे न उतरता खानावळीत खोली घेतो.

डिकन्स अनाथ नव्हता. पण १८२४ साली वडील कर्जापायी तुरुंगात गेले, तेव्हा बारा वर्षांच्या या पोराने बुटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवली. ही गोष्ट त्याने जगापासून लपवली. वाचकांना ती कळली तो गेल्यावर. ज्योला टाळणाऱ्या पिपला तो आतून ओळखत होता.

गुप्त दाता निघतो मॅग्विच: पिपने लहानपणी ज्याला खाणं आणि कानस चोरून दिली तो कैदी. हद्दपारीच्या शिक्षेवर ऑस्ट्रेलियात जाऊन त्याने मेंढ्यांवर पैसा कमावला. म्हणजे सभ्यपणाचा खर्च वसाहतीतून येतो. मॅग्विचही पोरकाच. आणि ज्या एस्टेलासाठी पिपने हे सगळं केलं, ती मॅग्विचचीच मुलगी, हॅविशॅमने दत्तक घेऊन घडवलेली. पिप ज्या शिडीकडे मान वर करून बघत होता, तिच्या वरच्या टोकालाही एक कैद्याचं पोर बसलं होतं.

या सगळ्यात बिडीकडे फारसं कुणी बघत नाही. तीही अनाथ. ती जे हाताला लागेल त्यावर शिकते, पिपलाही शिकवते, पुढे शिक्षिका होते. वर चढण्याची दुसरी वाट डिकन्सला माहीत होती, पण तिच्यात त्याला कादंबरी दिसली नाही. ही मला या पुस्तकाची उणीव वाटते. दुसरी उणीव अशी, की पैसा गेल्यावरही पिप ऐरणीकडे परतत नाही. तो कैरोला मित्राच्या कंपनीत कारकून होतो, मग भागीदार. पश्चात्ताप होतो, पण हात मऊच राहतात.

शेवटाबद्दल वाद नेहमी एस्टेलावरून होतो. मूळ शेवटात ती दुसऱ्याशी लग्न करून गेलेली. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सांगण्यावरून डिकन्सने तो बदलला. मला त्याच्या थोडं आधीचं पान महत्त्वाचं वाटतं. अकरा वर्षांनी पिप घरी येतो. ज्यो आणि बिडीचा मुलगा त्याच्या जुन्या स्टुलावर बसलाय, नावही पिपच. हा मला दे, निदान उसना तरी दे, असं पिप बिडीला म्हणतो. हॅविशॅमने एक पोर घेतलं होतं, मॅग्विचने दुरून एक पोसलं होतं.

बिडी हळूच नाही म्हणते.